पदक आणि पाणवठा

सार्वजनिक पैसा खेळांवर खर्च करावा की नाही, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारीत नाही. तो करावा, हे बहुतेकांना मान्य झाले आहे. वाद उरतो तो पुढच्या पायरीवर. हा पैसा जगज्जेते होण्याची शक्यता असलेल्या मूठभर खेळाडूंवर खर्चावा, की जे कधीच जगज्जेते होणार नाहीत अशा हजारो सामान्य माणसांना खेळायला जागा, साधने आणि शिक्षक मिळावेत म्हणून खर्चावा? दोन्हींवर खर्चावा, असे उत्तर चटकन सुचते आणि ते चूकही नाही. परंतु तिजोरीतला रुपया एकदाच खर्च होतो. कोणावर आधी आणि कोणावर मागाहून, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. या निवडीचे परिणाम काय होतात ते एका देशाच्या आणि एका खेळाच्या उदाहरणावरून पाहण्याचा आमचा विचार आहे. देश ब्रिटन, आणि खेळ शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा.

हे उदाहरण निवडण्याची कारणे दोन. ब्रिटनने ही निवड उघडपणे, आकडे मांडून केली, आणि तिला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यामुळे तिची फळे तपासता येतात. दुसरे असे की, हा खेळ स्वस्त नाही. कबड्डीला आखलेले मैदान पुरते. शिडाच्या होडीला पाणी लागते, होडी लागते, ती पाण्यात सोडायला उतरण लागते, आणि कोणी पाण्यात पडल्यास त्याला बाहेर काढायला दुसरी होडी तयार ठेवावी लागते. त्यामुळे पैसा कोठे गेला आणि कोठे गेला नाही, हे या खेळात चटकन दिसून येते. मराठीत नौकानयन हा शब्द वल्ह्यांच्या आणि शिडांच्या अशा दोन्ही होड्यांना लावतात. येथे आम्हांला केवळ वाऱ्यावर चालणारी होडी अभिप्रेत आहे.

प्रारंभ १९९६ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत अटलांटा येथे ऑलिंपिक सामने झाले. ब्रिटनला त्यांत अवघे एक सुवर्णपदक मिळाले, तेही वल्ह्यांच्या शर्यतीत. पदकांच्या यादीत त्या देशाचा क्रमांक छत्तिसावा लागला. शिडाच्या होड्यांत दोन रौप्यपदके आली, सुवर्ण एकही नाही. ज्या देशाने एके काळी आपल्या आरमाराच्या बळावर जगावर राज्य केले, त्याला हे लागले असल्यास नवल नाही. वर्तमानपत्रांतून टीका झाली, पार्लमेंटात प्रश्न निघाले, आणि उपाय शोधला जाऊ लागला.

पैशाची सोय योगायोगाने झालेलीच होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली होती. तिकिटाच्या प्रत्येक पौंडातला पाव हिश्शाहून थोडा अधिक भाग लोकोपयोगी कामांकडे जाई, आणि त्या भागाचा पाचवा हिस्सा खेळांच्या वाट्याला येई. प्रथम हा पैसा केवळ मैदाने, तलाव आणि इमारती यांवरच खर्च करता येत असे. अटलांटानंतर नियम बदलले. १९९७ पासून लॉटरीतून खेळाडूंना निर्वाहवेतन, प्रशिक्षकांना पगार आणि परदेशच्या सरावाचा खर्च देता येऊ लागला. हे काम यू. के. स्पोर्ट या नव्या सार्वजनिक संस्थेकडे आले. सामान्य लोकांच्या खेळांचे काम स्पोर्ट इंग्लंडसारख्या प्रांतवार संस्थांकडे राहिले. म्हणजे पदकाचे खाते वेगळे आणि पाणवठ्याचे खाते वेगळे, अशी वाटणी झाली.

पदकाच्या खात्याने आपले काम चोख केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २००० साली सिडनी येथे ब्रिटनच्या शिडाच्या होड्यांनी तीन सुवर्ण आणि दोन रौप्यपदके जिंकली. २००८ साली चीनमध्ये चार सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य मिळाले. सिडनीच्या तयारीसाठी या खेळाला सुमारे ५१ लाख पौंड मिळाले होते; २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत चार वर्षांचा आकडा सुमारे २ कोटी ५५ लाख पौंडांवर गेला. सगळ्या खेळांची बेरीज केली तर १९९६ च्या एका सुवर्णाची २०१२ साली लंडनमध्ये २९ सुवर्णपदके झाली, आणि रिओला ब्रिटन यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. वीस वर्षांत एवढी चढण फार थोड्या देशांनी चढलेली आहे.

या पैशाने खेळाडूचे काय भले झाले, हे आपल्याला परक्या देशाकडे न पाहताही कळेल. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आठवावेत. प्रवासाच्या पैशासाठी त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा हा मल्ल आखाड्यापर्यंत पोहोचला. एखाद्या गुणी माणसाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या गहाणखतावर अवलंबून असावे, ही स्थिती कोणत्याही समाजाला भूषणावह नाही. राज्याने खेळाडूच्या पोटापाण्याची काळजी घेतली, तर सावकाराच्या किंवा श्रीमंत बापाच्या आधारावाचूनही त्याला वर येता येते. पदकावरील खर्चाच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि तो आम्हांला पूर्णपणे मान्य आहे.

आता या धोरणाची दुसरी बाजू पाहू. यू. के. स्पोर्टने जी रीत स्वीकारली तिला तेथे ‘तडजोड नाही’ असे नाव पडले. जो खेळ पदक आणील त्याला पैसा. जो आणणार नाही त्याला कमी, किंवा मुळीच नाही. हिशेब सरळ आहे, पण तो कोणाच्या पथ्यावर पडतो ते नीट पाहिले पाहिजे. बास्केटबॉल शंभरांहून अधिक देश खेळतात. त्यात त्या काळी पुरुषांचे एक आणि स्त्रियांचे एक अशीच पदके, आणि एका पदकासाठी बारा जणांचा संघ पोसावा लागतो. शिडाच्या होड्यांत पदकाचे दहा प्रकार, प्रत्येक होडीत एक किंवा दोन माणसे, आणि होडीच महाग असल्याने स्पर्धेत उतरणारे देश थोडे. तेव्हा ज्याला पदकेच मोजावयाची आहेत तो शहाणा माणूस होडीवर पैसे लावील. ब्रिटनने तेच केले. २०१४ साली बास्केटबॉल आणि वॉटर पोलो यांचा निधी काढून घेण्यात आला. बॅडमिंटनने तर २०१६ साली रिओला कांस्यपदक मिळवले होते. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस पुढील चार वर्षांच्या वाटपात त्याच्या नावापुढे शून्य पडले.

बास्केटबॉल हा तेथील शहरांतल्या दाट वस्त्यांतून, साध्या शाळांच्या अंगणांतून खेळला जाणारा खेळ आहे. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूसही बहुधा अशाच वस्तीतला. उत्पन्नाच्या मानाने पाहिले तर गरीब माणूस सोडतीवर श्रीमंतापेक्षा मोठा हिस्सा खर्च करतो, हे अनेक देशांत दिसून आलेले आहे. याउलट रिओतील ब्रिटिश पदकविजेत्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश खाजगी फीच्या शाळांत शिकलेले होते, असे तेथील सटन ट्रस्ट या संस्थेने दाखवून दिले. एकंदर लोकसंख्येत अशा शाळांत शिकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सातच आहे. म्हणजे ज्याने तिकीट काढले त्याच्या मुलाचा खेळ वगळला गेला आणि ज्या खेळांना आधीच घरचा आधार होता त्यांना सार्वजनिक आधारही मिळाला, असे अनेकदा घडले. कोणी दुष्टपणाने हे केले असे नव्हे. मोजमाप जे ठरवले, त्याच्यामागे पैसा गेला.

यावर धोरणाचे समर्थक एक उत्तर देत. ते म्हणत, पदके ही दिव्यासारखी असतात. ती पाहून हजारो मुले मैदानाकडे धावतील, आणि पदकावर घातलेला पैसा अशा रीतीने सर्वांच्या पदरात पडेल. हा दावा आपल्याकडेही वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याची परीक्षा कशी झाली ते सांगणे अगत्याचे आहे.

लंडनचे ऑलिंपिक भरवताना ब्रिटिश सरकारने असे उद्दिष्ट ठेवले होते की, त्यामुळे दहा लाख लोक नव्याने नियमितपणे खेळू लागतील. २०११ साली, सामने सुरू होण्यापूर्वीच, हे उद्दिष्ट गुंडाळण्यात आले. सामने अप्रतिम झाले, २९ सुवर्णपदके मिळाली, गल्लोगल्ली लोक टाळ्या वाजवीत होते. पण २०१३ साली लॉर्ड्स सभागृहाच्या एका समितीने या सामन्यांच्या वारशाची चौकशी केली, तेव्हा खेळणाऱ्यांच्या संख्येत अपेक्षित अशी मोठी वाढ झालेली तिला आढळली नाही. आपल्या घरच्या मैदानावर, आपल्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या विजयानंतरही जर ही वाढ झाली नाही, तर पदकाने खेळाडू आपोआप निर्माण होतात ही समजूत सोडून द्यावी लागेल.

असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. एखाद्या मुलीने दूरचित्रवाणीवर शिडाच्या होड्यांची शर्यत पाहिली आणि तिच्या मनात आले की आपणही हे करावे. मग पुढे काय? जवळ पाणी आहे का? त्या पाण्यावर जाण्याचा हक्क आहे का? तेथे तिच्या मापाची होडी आहे का, ती वापरू देणारा कोणी आहे का, शीड कसे बांधावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला नागमोडी कसे जावे हे रविवारी सकाळी दोन तास उभे राहून शिकवणारा कोणी आहे का? या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नाही आले, तरी तिची इच्छा आठवड्याभरात विरून जाते. पदकाने इच्छा उत्पन्न होते. सोय उत्पन्न करणे हे वेगळे काम आहे, आणि ते पाणवठ्यावरच्या क्लबाचे आहे.

हे क्लब कसे चालतात ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये असे शेकडो क्लब आहेत. काही समुद्राच्या खाडीवर, काही नदीवर, पुष्कळसे शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांवर. त्यांत पगारी माणूस बहुधा नसतो, असला तर एखादा. बाकी सारे सभासद आळीपाळीने करतात. आज ज्याची पाळी असेल तो बचावाच्या होडीवर बसतो, दुसरा शर्यतीचा निशाण दाखवतो, तिसरा चहा करतो, आणि हिवाळ्यात सगळे मिळून उतरणीवरचे शेवाळ खरवडतात. आपल्याकडे वाचनालये, तालमी आणि व्याख्यानमाला ज्या रीतीने चालतात तीच ही रीत. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर असा क्लब म्हणजे फुकट मिळणाऱ्या श्रमांचा मोठा साठा आहे. तो साठा सरकारला विकत घ्यावयाचा झाला तर कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाही.

या क्लबांचा पाया मुळात रुंद झाला तोही स्वस्त होडीमुळे. १९६३ साली ‘डेली मिरर’ या लोकप्रिय वृत्तपत्राने मिरर नावाची एक लहान होडी प्रसारात आणली. जॅक होल्ट या होडीकाराने बॅरी बकनेल यांच्याबरोबर ती आखली होती. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचावयाच्या आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवावयाची, अशी तिची युक्ती. सुतारकामाचे शिक्षण नसलेला कारकूनही आपल्या घरामागच्या पडवीत ती बांधू शके. सारे साहित्य सुरुवातीला ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळत असे. तिच्या तांबड्या शिडांनी तळी भरून गेली. सत्तर हजारांहून अधिक मिरर होड्या पुढे बांधल्या गेल्या. मुलांसाठी असलेली ऑप्टिमिस्ट ही पेटीसारखी होडीही अशाच हेतूने जन्मली. १९४७ साली अमेरिकेत फ्लॉरिडा येथे क्लार्क मिल्स यांनी ती प्लायवूडच्या ठराविक तक्त्यांतून बनेल अशी आखली, म्हणजे सामान्य घरचे मूलही बापाच्या मदतीने ती तयार करू शकेल.

मग विजेते कोठून येतात? ज्यांची नावे पदकांच्या यादीत झळकली त्यांपैकी तिघांच्या पहिल्या पाण्याकडे जाऊन पाहू.

पहिले बेन एन्स्ली. १९९६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना रौप्य मिळाले, आणि २०००, २००४, २००८ व २०१२ अशा लागोपाठ चार ऑलिंपिकांत सुवर्ण. कॉर्नवॉल परगण्यात रेस्ट्रॉन्गेट नावाची एक खाडी आहे. तेथे आठव्या वर्षी ऑप्टिमिस्टमध्ये बसून ते होडी चालवायला शिकले, आणि तेथील लहानशा क्लबात वाढले. त्या वेळी लॉटरी नव्हती आणि यू. के. स्पोर्टही नव्हते. सार्वजनिक पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला तो ते पदकविजेते झाल्यावर.

दुसरे स्टुअर्ट बिथेल. २०१२ साली रौप्य, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे एक वर्ष लांबून २०२१ साली झाले, सुवर्ण. हे रॉचडेलचे. १८४४ साली काही गरीब विणकर व कारागीर यांनी ज्या गावी दुकान काढून आधुनिक सहकारी चळवळीचा पाया घातला, तेच हे गिरण्यांचे गाव. समुद्र तेथून दूर आहे. परंतु रॉचडेलच्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हॉलिंगवर्थ नावाचा जुना तलाव गावाजवळ आहे, आणि त्यावर शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. या तलावामुळे आणि क्लबामुळे गिरणगावातला मुलगा ऑलिंपिकला गेला.

तिसरी गोष्ट हॅना मिल्स यांची, आणि आमच्या विषयाचा गाभा तिच्यात आहे. मिल्स या वेल्समधील कार्डिफच्या. २०१२ साली रौप्य, २०१६ साली सुवर्ण, २०२१ साली पुन्हा सुवर्ण. तोपर्यंत ऑलिंपिकच्या इतिहासात शिडाच्या होड्यांत एवढे यश दुसऱ्या कोणत्याही स्त्रीने मिळवले नव्हते. मुलगी असताना सुटीत कॉर्नवॉलला होडीची गोडी लागली, आणि घरी परतल्यावर त्या कार्डिफमधील लॅनिशेन तलावावरच्या केंद्रात जाऊ लागल्या. हा तलाव १८८६ साली शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला होता. पुढे पिण्याच्या पाण्यासाठी त्याची गरज राहिली नाही आणि तो एका वीजकंपनीच्या मालकीचा झाला. शहरातली मोठी जागा. तेथे घरे बांधण्याचा कंपनीचा बेत होता. रहिवाशांनी विरोध केला, चौकश्या झाल्या, वर्षानुवर्षे झगडा चालला. २०१० साली तलावातले पाणी काढून टाकण्यात आले.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. लंडनच्या सामन्यांत हॅना मिल्स रौप्यपदक स्वीकारीत होत्या, तेव्हा ज्या पाण्यावर त्या शिकल्या ते पाणीच उरले नव्हते. २०१६ चे सुवर्ण आले तेव्हाही तलाव रिकामा होता. या काळात त्यांच्या खेळाच्या पदकांसाठी दर चार वर्षांना दोन कोटींहून अधिक पौंड खर्च होत होते, आणि तो खर्च वायाही गेला नाही. पण पदकांच्या हिशेबवहीत लॅनिशेनसाठी रकाना नव्हता. तलाव वाचला तो चिवट रहिवाशांमुळे. अखेर वेल्सच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१६ साली तो भाडेपट्ट्याने घेतला, दुरुस्त करून पुन्हा भरला, आणि जुलै २०२३ मध्ये तो लोकांना खुला झाला. मधल्या तेरा वर्षांत कार्डिफमधली जी मुले आठ वर्षांची होऊन एकवीस वर्षांची झाली, त्यांच्यात आणखी एखादी हॅना मिल्स होती की नव्हती, हे कळण्याचा मार्ग नाही. आणि नसली तरी काय? दोन-तीनशे मुलांना वारा आणि पाणी यांची ओळख झाली असती, तीच गोष्ट पुरेशी मोलाची नव्हती काय?

क्लबांच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. सगळेच क्लब रॉचडेलसारखे नसतात. काहींच्या दारावर अदृश्य पाटी असते. ओळख आणि ऐपत असल्याखेरीज आत जाणे अवघड जाते. अशा क्लबाच्या उतरणीची डागडुजी लॉटरीच्या पैशाने करणे म्हणजे श्रीमंतांच्या अंगणात गरिबांच्या खर्चाने फरशी घालणे होय. स्थानिक म्हणून पवित्र, असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्येच यावर एक चांगला मार्ग निघाला आहे. २००२ सालापासून तेथे हौशी लोकक्लबांची नोंदणी करण्याची योजना आहे. क्लब सर्वांना खुला असेल, वर्गणी आवाक्यातली असेल, नफा कोणाच्या खिशात जात नसेल, तर स्थानिक करातून शेकडा ऐंशी सूट मिळते. रोख देणगी नाही, समारंभ नाही. पण दरवर्षीचे ओझे हलके होते आणि बदल्यात दार उघडे राहते. सार्वजनिक पैशाची अट कशी असावी, याचा हा चांगला नमुना आहे.

पदकाची शिडी सोडून पायापासून सुरुवात केली तर पदके मिळत नाहीत, असेही नाही. नॉर्वे देशात जुगार व लॉटरी यांचा मक्ता सरकारी कंपनीकडे आहे, आणि तिच्या नफ्याचा मोठा भाग खेळांकडे, त्यातही गावोगावच्या क्रीडासोयींकडे जातो. मुले साधारण अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या स्पर्धांत क्रमवारी लावावयाची नाही, असा तेथील क्रीडासंघटनेचा नियम आहे. तरीही पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने २०१८ व २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकांत पदकांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. नॉर्वे श्रीमंत आहे, तेथे बर्फ मुबलक आहे, आणि हिवाळी खेळ खेळणारे देशही थोडे आहेत, हे खरे. म्हणून त्याचे अनुकरण जसेच्या तसे करा, असे आम्ही म्हणत नाही. रुंद पाया आणि उंच कळस यांचे वैर नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

ब्रिटनलाही हे काही अंशी उमगले आहे. २०२० सालच्या अखेरीस पुढील वाटप जाहीर करताना यू. के. स्पोर्टने जुनी कठोर रीत सैल केली आणि पूर्वी वगळलेल्या काही खेळांनाही लहान रकमा दिल्या. दरम्यान पदकांची शाश्वती किती असते, हेही दिसून आले. फिन नावाच्या एका जुन्या जातीच्या होडीत ब्रिटनने सिडनीपासून टोकियोपर्यंत लागोपाठ सहा सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर ती होडीच ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. २०२४ साली ब्रिटनला या खेळात एक सुवर्ण आणि एक कांस्य, अशी दोनच पदके मिळाली. दूरच्या समितीच्या एका ठरावाने पदकाची खाण बंद पडू शकते. तळे आणि तळ्यावरची माणसे मात्र ठरावाने नाहीशी होत नाहीत. तळे राखणे आपल्याच हाती असते.

आपल्या देशापुढे हाच प्रश्न आता उभा आहे. २०१४ साली ऑलिंपिक पदकासाठी निवडक खेळाडूंना आधार देणारी ‘टॉप्स’ योजना सुरू झाली, आणि तळाच्या खेळांसाठी ‘खेलो इंडिया’ आली. म्हणजे दोन खाती आपल्याकडेही आहेत. शिडाच्या होड्यांपुरते बोलायचे, तर मुंबईला या खेळाची परंपरा जुनी आहे. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, आणि १९८२ च्या आशियाई सामन्यांतील होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रावरच झाल्या. तथापि २०२३ साली चीनमध्ये हांगचौ येथील आशियाई सामन्यांत नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळवले, ती समुद्रकाठची नव्हती. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची ही मुलगी भोपाळच्या तलावावर चालणाऱ्या नौका-प्रशिक्षण शाळेत शिकली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात पाणी, होडी आणि शिक्षक ही तीन एकत्र आली, म्हणून हे झाले. आमच्या राज्यात समुद्र आहे, खाड्या आहेत, जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात धरण आहे. वारा ओळखणाऱ्या कोळ्यांच्या पिढ्या आहेत. त्या पाण्यावर शाळेतल्या मुलाला सुरक्षितपणे जाता येईल अशी जागा किती ठिकाणी आहे, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरते पाहावे.

तेव्हा निवड कशी करावी? आमचे मत थोडक्यात असे. पदकासाठी झगडणाऱ्या खेळाडूला राज्याने अवश्य पोसावे; पण तो खर्च त्या खेळाडूच्या गुणासाठी आणि देशाच्या आनंदासाठी आहे असे उघडपणे म्हणावे. त्यातून लाखो लोक खेळू लागतील, अशी हमी देऊन तो मागू नये, कारण ती हमी लंडनला खोटी ठरली आहे. सर्वसामान्यांच्या खेळावरचा खर्च वेगळ्या मापाने मोजावा: किती मुले प्रथमच पाण्यावर गेली, किती वर्षभर टिकली, आणि त्यांपैकी किती अशा घरांतली होती जेथे होडी विकत घेणे कधीच शक्य नव्हते. आणि दोहोंत टंचाई पडली, तर पहिला हक्क पाण्याचा, उतरणीचा आणि शिक्षकाचा मानावा. खेळाडूचे वेतन एक वर्ष कमी पडले तर पुढच्या वर्षी भरून काढता येते. बुजवलेला तलाव आणि विकलेला किनारा परत मिळत नाही.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा क्रीडा या शीर्षकाखाली एक आकडा असतो. त्यातला किती भाग सत्कारांवर आणि भव्य संकुलांवर जातो, किती भाग रोज वापरात येणाऱ्या जागांवर जातो, आणि त्या जागांचे दार कोणाला उघडे आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे. लॅनिशेनच्या रहिवाशांनी हे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले, म्हणून तेथे आज पुन्हा पाणी आहे.